टॉवेलाखालचा भाव

गुरुपादकाकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, स्वतःच्या उजव्या हातावर पसरला आणि तो हात टेबलावरून डॉक्टरीणबाईंच्या पुढे केला.

"हं," काका म्हणाले, "आता सांगा."

डॉ. ऋता केळुसकर यांनी टॉवेलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. चित्रातल्या माणसाचा जबडा अर्धा उघडून दाखवला होता आणि तरी तो आमच्यापेक्षा निवांत दिसत होता.

"हाताला काय झालंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाताला काय होतंय? तुम्ही हात घाला की आत."

डॉक्टर भल्या होत्या. त्यांनी टॉवेलाखाली हात घातला. नाडी पाहिली, मनगट वळवून पाहिलं, अंगठा दाबला. "मुंग्या येतात का?" त्या विचारत होत्या. काका डोळे अर्धवट मिटून छताकडे तोंड करून बसले होते, लाखाच्या उलाढालीला बसतात तसे. थोड्या वेळानं डॉक्टरांनी हात बाहेर काढला.

"हात ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "गालाचं मात्र लांबवू नका. आजार दुसऱ्या टप्प्यात आहे. ऑपरेशन करून गाठ काढू, नंतर लागलं तर रेडिएशन देऊ. वेळेवर केलं तर बरं होण्याची शक्यता चांगली आहे. गुरुवारी सकाळी या, उपाशीपोटी."

काकांनी यातलं काही ऐकलं नव्हतं. ठरलेलं लग्न मोडल्यावर आहेराची साडी परत घ्यावी, तशी त्यांनी टॉवेलाची घडी घातली, नमस्कार केला आणि बाहेर पडले.

जिन्यात मी म्हटलं, "काका, चांगलंच सांगितलं की त्यांनी."

"तोंडानं सांगितलं."

"मग कशानं सांगायचं?"

"बोट धरलं नाही तिनं," काका म्हणाले. "हात काढून घेतला. माल नाकारला, बसू. आपला विषय संपला."

बसू म्हणजे मी, काकांचा पुतण्या. ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान होतं. शेतकरी माल आणायचा, व्यापारी घ्यायचा आणि मधे काका. तेव्हा आमच्याकडचे जुने लोक भाव तोंडानं बोलत नसत. व्यापारी आणि अडत्या हातात हात घालायचे, वर टॉवेल टाकायचे आणि आत बोटं धरून आकडा सांगायचे. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा. भोवती दहा माणसं उभी असायची, पण कुणी किती लावले ते कुणाला कळायचं नाही. सरकारनं ही पद्धत बंद करा म्हणून कितीदा तरी सांगितलं होतं. आमच्या लोकांनी प्रत्येक वेळी मान डोलावली होती. टॉवेल धुवायला टाकायचा आणि दुसरा आणायचा, एवढा बदल त्यांनी केला.

गंमत अशी की आत बोटं चालू असताना वर तोंडंही चालूच असायची. "थोरलीचं जमलं का?" "बोअरला पाणी लागलं का?" हे सगळं बघ्यांसाठी. खरं काय ते टॉवेलाखाली. आणि माल पसंत नसेल तर व्यापारी काही बोलायचा नाही, नुसता हात काढून घ्यायचा. काकांनी उभा जन्म यात काढला होता. तोंडानं बोललेलं वाक्य त्यांच्या लेखी हवापाण्याच्या गप्पांत जमा होतं. त्यात घरच्यांनी आठवडाभर त्यांना "काही नाही हो, साधी गाठ आहे" असं सांगितलेलं. त्यामुळे तोंडाचा उरलासुरला बाजारभावही कोसळला होता.

घरी आल्यावर काकांनी जाहीर केलं, "गुरुवारी कुणी कुठं जायचं नाही."

महादेवीकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "का?"

"डॉक्टरणीनं भाव दिला नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. काकू खाली बसल्या. "अहो, ती शिकलेली बाई. तिला तुमची बोटं काय कळणार?"

"शिकलेली आहे ना? मग एवढंही येत नाही?"

काकूंनी मोर्चा माझ्याकडे वळवला.

मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. होतो, म्हणून घरातला वैद्यकीय विभाग माझ्याकडे. काकूंनी मला नेटवर बघायला बसवलं. मी संध्याकाळपर्यंत बघितलं. त्यात मला कळलं की हळदीनं कॅन्सर बरा होतो, हळदीनं काहीही होत नाही, आणि खात्रीची हळद घाऊक दरात हवी असल्यास सांगलीला हारगे आणि कंपनी यांच्याशी संपर्क साधावा. हारगे आणि कंपनी म्हणजे आम्हीच. ती जाहिरात मीच टाकली होती.

मग भेटायला येणारे सुरू झाले. आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं. या आजाराला काय न्यायचं ते त्यांना कुणी फोनवर पाठवलेलं होतं. सगळे हळद घेऊन आले. चाळीस वर्षं हळदीच्या धुरळ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला प्रत्येक जण गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "गुरुपादआण्णा, एक करून बघा. हळद."

काका पुडी उघडायचे, चिमूट तळहातावर घेऊन अंगठ्यानं रगडायचे आणि म्हणायचे, "गेल्या सालची आहे. कितीला दिली?" पाहुण्यानं आकडा सांगितला की, "फसलास." पाहुणा धीर द्यायला आलेला असायचा, पडलेल्या चेहऱ्यानं परत जायचा. काकू ती सगळी हळद एका पोत्यात टाकत होत्या. पोतं भरलं तसं ते दुकानात गेलं.

एके दिवशी सिद्राम आला. म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. त्याला सगळे सिद्राममामा म्हणायचे. जतच्या पुढं कुठल्याशा माळावर एक महाराज आहेत, तो म्हणाला, पुढ्यात नुसतं बसलं तरी गाठ विरघळते. त्यानं येतानाच पुडी आणली होती. पुडी लाल कापडात, कापड पिशवीत, पिशवी उराशी.

"चिरफाड करून घेऊ नका दाजी," सिद्राममामा म्हणाला. "सुरी लागली की हा आजार चिडतो. सुरीशिवाय बरं करणारा माणूस बसलाय. गुरुवारी दवाखान्यात नाही, माळावर जायचं. मी गाडी सांगितलीय."

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. आतापर्यंत नुसतं जायचं नव्हतं, आता जायला दुसरी जागा झाली होती. गाठ काही सिद्राममामाच्या गाडीची वाट बघत थांबणार नव्हती.

काकांनी पुडी उघडली. वास घेतला. रगडली. बोटाला पाणी लावून पुन्हा रगडली. मग पुडी सिद्राममामापुढे धरली.

"खा."

"मी? मला कुठं काय झालंय?"

"मग तुला त्रास कसला? खा."

सिद्राममामानं खाल्ली. तोंड वाकडं केलं.

"गट्टा हळद आहे," काका म्हणाले. "हळकुंड नाही, बुडखा. तोही किडका. वर तांदळाचं पीठ. अर्धंअर्धं." ते खरोखर चिडले होते. "अरे लोकांचं जिवावरचं दुखणं आहे. भेसळ तरी चांगल्या मालात करावी माणसानं! सांग तुझ्या महाराजाला, आमच्या दुकानातनं ने म्हणावं."

सिद्राममामा गाडी रद्द करायला बाहेर गेला. मला वाटलं, सुटलो. मी म्हटलं, "मग काका, गुरुवारी दवाखाना?"

काकांनी हात धुतला. बराच वेळ धुतला. पिवळा रंग काही निघाला नाही.

"महाराजाचा माल मला ओळखता येतो, बसू," ते म्हणाले. "डॉक्टरणीचा येत नाही. ती माझ्या तोंडात काय बघते, कापून काय काढणार, मागं काय उरणार, मला काय कळतंय? आंधळ्यानं सौदा करायचा?"

काका असं पहिल्यांदाच बोलले होते. मला विनोद सुचला नाही, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच डॉ. केळुसकरांकडे गेलो. टॉवेलाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मधे एकदाही हसू येऊ दिलं नाही. फक्त पेनाचं टोपण दोनदा उघडून लावलं.

"तर मॅडम," मी म्हटलं, "माझी एक विनंती आहे. मी तुम्हाला बोटं शिकवतो. सोपी आहेत. तुम्ही फक्त आत हात घालायचा आणि चांगलासा आकडा धरायचा."

"कसला आकडा?"

याचा मी विचार केला नव्हता.

"वर्षं?" त्या म्हणाल्या. "की शंभरातले किती? आणि त्यांनी घासाघीस केली तर?"

"करतील," मी कबूल केलं.

"म्हणजे मी पाच बोटं धरणार, ते सात म्हणणार, आणि आम्ही सहावर मिटवणार?"

"साडेपाचवर. काका कडक आहेत."

आता मात्र त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. "हे बघा, मी तोंडानं जे सांगितलं ना, तेच आहे. त्याच्या खाली दुसरं काही नाही. पण हे माझ्या तोंडून त्यांना पटायचं नाही, तेही मला कळतंय. तुम्ही खाली हर्षदाताईंना भेटा."

हर्षदाताई दवाखान्यातल्या समाजसेविका. लिफ्टच्या शेजारी त्यांची खोली होती. आधी तिथं गाद्या ठेवत असावेत, कारण खोलीत बसलं की आपोआप जांभई यायची. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "माहिती कुठून घेता?"

मी नेटचं सांगितलं, पाहुण्यांचं सांगितलं, महाराजांचं सांगितलं.

"एक साधी गोष्ट करा," त्या म्हणाल्या. "ज्याला तुम्हाला काही विकायचंय, त्याचा सल्ला बाजूला ठेवा."

आमच्या घराण्यात तेवढी चाळणी लावली असती तर बोलायला कुणी शिल्लक राहिलं नसतं.

"शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, कागद मी देते, इथं कुणी रागावत नाही," ताई पुढं म्हणाल्या. "आणि मंगळवारी दुपारी काकांना घेऊन या. हे ऑपरेशन झालेली माणसं जमतात आमच्याकडे. काही विकत नाहीत. नुसती बसतात, चहा पितात, नव्या माणसाशी बोलतात."

"काका बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत."

"मग चहा पितील," ताई म्हणाल्या.

काका यायला तयार नव्हते. "नाकारलेला माल पुन्हा त्याच बाजारात न्यायचा? लोक हसतील." काकूंनी ऐकून घेतलं. मग पदर खोचला, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही घरी झोपा. आज सौद्याला मी बसते."

"तू?"

"बोटं मलाही आहेत की."

काका माझ्याआधी रिक्षात होते.

लिफ्टशेजारच्या खोलीत गोल करून खुर्च्या मांडल्या होत्या. सात-आठ माणसं. कुणाचा गाल आत गेलेला, कुणाच्या गळ्यावर आडवी शिवण. सगळे मोठमोठ्यानं बोलत होते, अर्धं कळत होतं, अर्ध्यावर ते स्वतःच हसत होते. काका दाराशी थांबले. मला वाटलं, आता मागं फिरणार.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एकानं काकांच्या खांद्यावरचा टॉवेल पाहिला. मग पिवळी नखं पाहिली.

"हळद का?" तो म्हणाला. त्याचा डावा जबडा बसका होता, शब्द जाड येत होते, पण येत होते.

"हळद," काका म्हणाले. "तुम्ही?"

"गूळ. कराड. दस्तगीर शिकलगार." त्यानं शेजारची खुर्ची ओढली. "या, बसा. आमच्याकडं पण टॉवेलच होता."

काका बसले. बसले ते सरळ टॉवेल हातावर टाकूनच बसले आणि हात पुढं केला. दस्तगीरभाईंनी क्षणभर त्या हाताकडे बघितलं. मग बाही वर सारली आणि आपला हात आत घातला.

खोलीतला गोंगाट आपोआप कमी झाला. हर्षदाताई चहाचा ट्रे घेऊन तशाच उभ्या. टॉवेल जरासा हलला, मग थांबला. दोघांचे चेहरे मातीच्या गणपतीसारखे. आणि रिवाजाप्रमाणे वरची तोंडं सुरू झाली.

"जेवण कसं करता?" काकांनी विचारलं, बोअरला पाणी लागलं का, या सुरात.

"पहिल्यांदा नाकातनं नळी. सगळं पातळ. बायको आमटी गाळून घालायची. पुढं भात मऊ करून. आता भाकरी खातो, दुधात कुस्करून."

"तोंड उघडतं?"

"आपोआप नाही उघडत. आइस्क्रीमच्या काड्या असतात ना, त्या दातात एकावर एक ठेवायच्या. रोज एक वाढवायची. कंटाळा केला की तोंड मिटलंच म्हणून समजा."

"आइस्क्रीम खायचं?"

"नुसत्या काड्या."

"हे वाईट," काका म्हणाले. "बोलता येतं?"

"आता काय करतोय मी? पहिला महिनाभर कुणाला कळत नव्हतं. घरच्यांना तो महिना बरा गेला."

"दुखतं?"

"दुखतं की. खोटं कशाला सांगू? रेडिएशनचा शेक दिला तेव्हा तर पाणी गिळायला रडायचो. नर्सला सांगायचं, औषध देतात. मी सांगितलं नाही चार दिवस, मर्दपणा. मूर्खपणा तो."

टॉवेल स्थिर होता. "परत येतं?"

"येतं एखाद्याचं. आमच्यातला शिरोळचा एक गेला गेल्या साली. म्हणून तपासायला बोलावतात तेव्हा जायचं. आणि तंबाखू सुटली पाहिजे. ती डबी आहे ना खिशात?"

डाव्या हातानं खिशातली डबी काढून काकांनी ती माझ्या मांडीवर ठेवली, उष्टं ताट सरकवावं तशी.

"डॉक्टरीणबाई कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"मलाही हीच होती. रागीट आहे. वेळेवर गेलो नाही की लेकराला ओरडावं तशी ओरडते."

"मालातली खोट आधी सांगणारा व्यापारी पहिल्यांदाच बघतोय," काका म्हणाले.

चहा निवला. कुणी प्यायला नाही. मी टॉवेलावरची नजर काढली नव्हती, कारण मला खात्री होती की हे काड्याबिड्या सगळं वरवरचं, खरा आकडा खाली चाललाय. किती बोटं? वर्षं की शेकडा? एकदा काकांचा खांदा जोरात हलला. घासाघीस, मी मनात म्हटलं. एकदा त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. सौदा अंगावर आला, मी मनात म्हटलं. दस्तगीरभाई मात्र छताकडे बघत, कराडात यंदा उसाला तुरे कसे लवकर आले, ते सांगत होते.

बऱ्याच वेळानं हात बाहेर आले. काका उठले.

"बसू," ते म्हणाले, "गुरुवारी उपाशीपोटी ना?"

काका गुरुवारी गेले. ऑपरेशन झालं. नाकातली नळी, गाळलेली आमटी, काड्या, सगळं दस्तगीरभाईंनी सांगितलेल्या क्रमानं आलं. काका प्रत्येक टप्प्याला मान डोलवायचे, सांगितल्याप्रमाणे माल उतरतोय, या समाधानानं. शेक देताना मात्र त्यांनी मर्दपणा एक दिवसही केला नाही. त्यांच्या ओरडण्यानं नर्सबाई पळत यायच्या. डॉ. केळुसकर तपासताना जे सांगायच्या ते काका आता ऐकून घेऊ लागले. न कळलं तर पुन्हा विचारायचे. एकदा त्यांनी इतक्या शंका काढल्या की डॉक्टरच म्हणाल्या, "आण्णा, टॉवेलच बरा होता."

एक गाल बसला, पण काका बसले नाहीत. दर मंगळवारी ते लिफ्टशेजारच्या खोलीत जाऊ लागले. नवा माणूस दाराशी घुटमळला की शेजारची खुर्ची ओढायचे. पुढं यार्डात उघड लिलाव सुरू झाला, सगळ्यांसमोर मोठ्यानं भाव बोलायचा. जुन्या अडत्यांनी तक्रार केली. काकांनी केली नाही. "तोंडानं बोललेलं खरं असू शकतं," असं त्यांनी सभेत उठून सांगितलं. शब्द जाड आल्यामुळे निम्म्या लोकांना ते कळलं नाही, उरलेल्यांना पटलं नाही.

मी त्या दुपारचा विषय कधी काढला नव्हता. व्यापाऱ्याला आतला आकडा विचारायचा नसतो. परवा मात्र काकांकडे गेलो होतो. काका भाकरी दुधात कुस्करत होते. काकू आत होत्या. मी धीर केला.

"काका, आता एवढी वर्षं झाली. दस्तगीरभाईंनी टॉवेलाखाली तेव्हा किती लावले होते?"

काकांनी कुस्करणं थांबवलं.

"काय पण नाही," ते म्हणाले. "एकसुद्धा बोट धरलं नाही त्यानं. मी चारदा चाचपून बघितलं. भाव दिलाच नाही."

"मग?"

"मग काय? हात पण काढून घेतला नाही."

ते पुन्हा भाकरीकडे वळले. जरा वेळानं मान वर केली.

"टॉवेल मात्र माझा घेऊन गेला, लेकाचा."